‘टँक’ हा शब्द कोणाचा? आपल्या टाक्याचा की पोर्तुगीजांचा?

आग्वादचा वाटाड्या

नमस्कार मंडळी. मी गोव्यात आग्वादच्या किल्ल्यावर पर्यटकांना फिरवतो. मूळ गाव पेडणे, राहायला कांदोळीत. हिवाळ्यात कोल्हापूर, सांगली, बेळगावकडच्या शाळांच्या सहली सुरू झाल्या की दिवसभर मराठीतच घसा कोरडा होतो.

वरच्या किल्ल्यात शिरलं की जो मोकळा चौक लागतो, त्याच्या पोटात पाण्याचं मोठं टाकं आहे. सोळा खांबांवर छत, पोटात २३,७६,००० गॅलन पाणी. हा आकडा आम्हा सगळ्या गाइड लोकांना पाढ्यासारखा पाठ. किल्ला १६१२ चा. पोर्तुगीजमध्ये पाण्याला ‘आगुआ’ म्हणतात, त्यावरून आग्वाद, कारण युरोपातून आलेली जहाजं इथे थांबून गोडं पाणी भरून घ्यायची. इथवर कुणी हरकत घेत नाही.

पुढे मी सांगतो की असल्या टाक्याला पोर्तुगीज ‘तांक’ म्हणत आणि इंग्रजांनी त्याचाच ‘टँक’ केला. परवा एका सहलीतल्या गुरुजींनी मला मधेच थांबवलं. सगळ्या पोरांसमोर म्हणाले, “गाइडसाहेब, उलटं सांगताय. टाकं हा आपला मराठी शब्द. पन्हाळ्यावर बघा, रायगडावर बघा. पोर्तुगीजांनी इथून उचलला आणि तिकडे नेला.” पोरं खूश. गुरुजी तर त्याहून खूश. मी गप्प बसलो, कारण पुढची सहल दारात उभी होती.

आणि मौज अशी की त्याच आठवड्यात पोर्तुगालहून आलेल्या एका बाई भेटल्या. त्यांना मी ‘तांक’ म्हणून ते टाकं दाखवायला गेलो तर त्या हसायला लागल्या. म्हणाल्या, आमच्या गावी आजीच्या परसात तांक होता, दगडी, त्याच्यावर आम्ही कपडे धुवायचो. म्हणजे त्यांच्याकडे तो धुण्याचा हौद.

तर जाणकारांना विचारतो. गुरुजींचं खरं की माझं? मला दोन वाक्यांत सांगता येईल असं काहीतरी द्या. उन्हात पोरं दोन वाक्यांच्या वर ऐकत नाहीत.

शब्दांची चाळण

वाटाड्या बाब, दोन वाक्यांत मागितलंत आणि विषय असा काढलात की त्यावर कोशकारांनी हात टेकले आहेत. मी म्हापशाला हायस्कुलात मराठी शिकवत असे. निवृत्तीनंतर असले शब्द पाखडत बसणे हाच धंदा.

आधी गुरुजींच्या बाजूने बोलते. १८८६ साली यूल आणि बर्नेल या दोघांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ नावाचा कोश निघाला. हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या तोंडचे देशी शब्द त्यात गोळा केले आहेत. त्यात ‘टँक’ या नोंदीच्या सुरुवातीलाच ते कबूल करतात की हा शब्द बुचकळ्यात टाकणारा आहे, कारण त्याला दोन उगम दिसतात, एक हिंदुस्थानी आणि एक युरोपीय. हिंदुस्थानी बाजूला त्यांनी गुजरातीतले ‘टांकूं’ आणि आपले मराठी ‘टांकें’ दिले आहे. म्हणजे गुरुजींचा शब्द कोशात आहे, हवेतला नाही.

आता तुमची बाजू, आणि ती बरीच भक्कम आहे. वास्को द गामा १४९८ च्या मे महिन्यात कालिकतला उतरला. त्याच्या ताफ्यातल्या एका माणसाने लिहिलेली रोजनिशी शिल्लक आहे. सामोरी राजाला भेटायला जाताना यांना वाटेत एक देऊळ लागले. या भल्या लोकांना ते ख्रिस्ती चर्च वाटले! आतल्या मूर्तीपुढे काहींनी गुडघेही टेकले. आणि त्या ‘चर्च’च्या खाली दगडी बांधणीचे मोठे तळे होते, तशी वाटेत आणखी बरीच पाहिली, असे तो लिहितो. तळ्यासाठी त्याने वापरलेला शब्द आहे ‘तांक’.

आता विचार करा. या माणसांना किनाऱ्याला पाय लावून थोडेच दिवस झालेले. जागा मलबार, भाषा मल्याळम, तिथे तळ्याला म्हणतात ‘कुळम’. तिथे त्यांना टांकें हा शब्द कोण शिकवणार? आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून त्यांना इकडे आणणारा वाटाड्या (तुमच्याच पेशाचा!) गुजराती मुसलमान होता असे एक पोर्तुगीज इतिहासकार लिहितो, पण महिनाभराच्या सागरप्रवासात त्याने यांना पाण्याच्या हौदाचा शब्द शिकवला आणि यांनी तो लगेच रोजनिशीत बेधडक वापरला, हे मला पटत नाही. शब्द घरूनच आणलेला होता.

घरी त्याचे गणगोतही आहे. लॅटिनमध्ये साचलेल्या पाण्याला ‘स्टॅग्नम’. त्याच्या आसपासचे फ्रेंच ‘एताँ’ म्हणजे तळे, स्पॅनिश ‘एस्तांके’ म्हणजेही तळे किंवा हौद. पोर्तुगीजमध्ये पाणी अडवणे याला ‘इश्तांकार’ असे क्रियापद आहे, त्यातले पहिले अक्षर गळून ‘तांक’ उरला. इंग्रजीत साचलेल्या पाण्याला ‘स्टॅग्नंट’ म्हणतात तो त्याच घरातला, आणि वाहते रक्त थांबवणे या अर्थाचा ‘स्टाँच’ही. तुमच्या पोर्तुगीज बाईंचा धुण्याचा हौद या कुटुंबात बरोबर बसतो. पाणी अडवले, साठवले, झाला तांक.

जाता जाता. अडवणे या अर्थातून विक्री अडवणे, म्हणजे मक्तेदारी, असाही अर्थ निघाला. पोर्तुगीज अमदानीत गोव्यात तंबाखूचा सरकारी मक्ता होता, त्याला ‘इश्तांकू’ म्हणत. म्हणजे तंबाखूचा मक्ता आणि देवळाचे तळे चुलतभाऊ. हे पोरांना सांगू नका, गुरुजी पुन्हा थांबवतील.

घाटवाट

बाई, छान लिहिलंत. मी डिचोलीचा. शनिवार-रविवार सह्याद्रीत भटकतो, त्यामुळे टाक्यांचं पाणी बरंच प्यायलोय. एक मुद्दा गुरुजींच्या विरुद्ध जाणारा मांडतो.

महाराष्ट्रातली जुनी लेणी घ्या. कान्हेरी, जुन्नर. दीड-दोन हजार वर्षांपूर्वीच्या ब्राह्मी लेखांत कुणी दान दिलं, काय खोदून दिलं, हे सगळं कोरलंय. कान्हेरीला तर प्रत्येक लेण्याच्या बाजूला पाण्याचं टाकं. पण लेखात त्याला टाकं म्हटलेलं नाही. शब्द आहे ‘पोढी’. ‘पाणियपोढी’ म्हणजे पाण्याचं टाकं. आज कुठल्याही मराठी माणसाला पोढी म्हणून दाखवा, तो पुरणपोळी समजेल.

म्हणजे त्या काळी याच दगडात, याच वस्तूला दुसरा शब्द होता. मग टाकं हा शब्द कधी आला? पोर्तुगीजांकडूनच आला नसेल कशावरून? आपण बटाटा, पगार, चावी, परात, घमेलं घेतलंच ना त्यांच्याकडून. मग तांकचं टांकें करायला किती वेळ?

शब्दांची चाळण

घाटवाट, प्रश्न चांगला टोचलात. पोढीचे तुमचे म्हणणे बरोबर. पण एक शब्द मरतो आणि दुसरा त्याच्या जागी येतो हे भाषेत नेहमीचे. दुसरा आला म्हणजे तो बाहेरूनच आला असे होत नाही.

टांकें पोर्तुगीजांकडून आले म्हणायचे तर ते किनाऱ्यावर जास्त आणि आत कमी सापडायला हवे. पगार, पाव, मेज यांचा प्रवास तसा किनाऱ्यावरून आत झालेला दिसतो. टांकें उलटे वागते. मारवाडच्या वाळवंटात अंगणाखाली पावसाचे पाणी साठवायला जे खोदतात त्याला ‘टांका’ म्हणतात. अहमदाबादच्या जुन्या पोळांत, म्हणजे गल्लीबोळांच्या वस्त्यांत, घराच्या चौकाखाली तेच, ‘टांकूं’. थरच्या वाळवंटातल्या खेड्याला पाणी साठवायचा शब्द पोर्तुगीज खलाशाकडून घ्यावा लागला असेल? आणि ज्या गोव्यात त्यांनी साडेचारशे वर्षे राज्य केले तिथे आपण देवळापुढच्या पाण्याला काय म्हणतो? मंगेशीला, म्हार्दोळला? तळी. तांक नव्हे, टाकेही नव्हे.

काही इंग्रजी कोश टांकेंचे मूळ संस्कृत ‘तडाग’ असावे असे सुचवतात. मला ते जुळवाजुळवीचे वाटते. तडागाचा तलाव झाला, सगळ्या देशभर झाला. त्याच तडागातला ‘त’ इथे ‘ट’ होऊन त्याला नाकातला उच्चार आणि ‘क’ कुठून चिकटला?

आणखी एक. कुणी तरी येऊन ‘पाणी टाकतात म्हणून टाके’ म्हणण्याआधीच सांगते, तसे नाही. मोल्सवर्थच्या जुन्या मराठी-इंग्रजी कोशात टांकें अनुस्वाराने आहे आणि टाकणें अनुस्वाराशिवाय. तो अनुस्वार शोभेचा नाही.

चिरेखाण

मी मालवणाकडचो, वीस-पंचवीस वर्षां पेडण्यात आसा. आमचं घराणं पाथरवटाचं. मराठीत लिहितो म्हणजे सगळ्यांना कळेल.

चाळणबाईंनी सगळं सांगितलं पण हत्यार राहिलं. दगड घडवायचं जे लोखंडी हत्यार, ज्याला शहरात छिन्नी म्हणतात, त्याला आम्ही टाकी म्हणतो. म्हण ऐकली असेल, टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. ती पाण्याची टाकी नव्हे, ही टाकी. माझी आजी पाटा गुळगुळीत झाला की ओरडायची, अरे पाट्याक टाकी लाव. मग माझे आजोबा पाटा मांडीशी धरून टाकीने ठिपके पाडायचे, एकाशेजारी एक, तिरप्या ओळीत. ठिपका खोल गेला तर मसाला त्यात अडकून राहतो, उथळ राहिला तर महिन्यात पुन्हा पाटा सपाट. हातोडा जोरात मारायचा नसतो, मनगटानं टोकायचा. टाकी बोथट झाली की लोहाराकडं न्यायची. तो ती तापवून, ठोकून, पाण्यात बुडवून कडक करतो, त्याला टाकीला पाणी देणं म्हणतात.

तर टाकीनं खोदून काढलेलं ते टाकं. आमच्या घरात हे कुणी शिकवलं नाही, ते तसंच होतं. गडावरची टाकी बघा, भिंतीवर टाकीच्या तिरप्या रेघा अजून दिसतात. मधे मधे दगडाचेच खांब सोडलेले असतात, त्याला खांबटाकं म्हणतात.

आता गोव्यात हा शब्द का रुजला नाही, ते माझ्या धंद्यावरून सांगतो. घाटावरचा दगड काळा, बेसाल्ट. त्यात खड्डा खोदला की झालं, पाणी राहतं. इथला दगड जांभा. खाणीतून काढला की कुऱ्हाडीनंही तासता येतो, हवा लागली की कडक होतो, घर बांधायला उत्तम. पण अंगभर भोकं. जांभ्यात नुसतं टाकं खोदून पावसात भरलं तर दिवाळीपर्यंत अर्धं खाली. आतून चुन्याचा जाड गिलावा मारल्याशिवाय त्यात पाणी टिकायचं नाही. म्हणून इथं माणसं विहीर खोदतात, झरा बांधून तळी करतात. पाणी खालून येतं, गळालं तरी पुन्हा भरतं. खोदायचं टाकं हे काळ्या दगडाच्या मुलखातलं काम, म्हणून शब्दही तिकडचा.

आग्वादच्या टाक्याबद्दल मी एवढंच म्हणेन, ते खोदलेलं कमी आणि बांधलेलं जास्त आहे.

शब्दांची चाळण

मेस्त, तुमच्या पोस्टने माझे काम सोपे केले. (मेस्त हाही पोर्तुगीज ‘मेश्त्र’चाच, घाटावर मेस्त्री. शब्द घेतला, मान दिला, ठेवून घेतला.)

संस्कृतात ‘टंक’ म्हणजे दगड फोडायचे हत्यार. त्यातून टांकी, आणि टांकीने केलेले टांकें, हे तडागापेक्षा मला शंभरपटीने पटते. नाणे ठोकायच्या टाकसाळीतला ‘टंक’ याच्याशी जोडावा की वेगळा धरावा यावर पंडितांत वाद आहे, त्यात आपण नको पडूया.

तुमच्या चुन्यावरून मात्र एक हकिकत आठवली. ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. विजयनगरच्या कृष्णदेवरायाला राजधानीजवळ प्रचंड मोठा तलाव बांधायचा होता. त्याने गोव्याच्या पोर्तुगीज गव्हर्नरकडे गवंडी मागितले. गव्हर्नरने जुआंव द ला पोंत नावाचा दगडकामातला नावाजलेला माणूस पाठवला. फेर्नांव नुनीश या पोर्तुगीजाने विजयनगरची बखर लिहिली आहे, तीत हे आहे. या मेस्तने जागा पाहिली, त्याला काम अशक्य वाटले, तरी तो म्हणाला, करतो, आधी चुना तयार करायला सांगा. त्यावर राजा खूप हसला, कारण त्याच्या मुलखात घर बांधताना चुना वापरायची रीतच नव्हती, असे नुनीश लिहितो. मग राजाने नुसते मोठमोठे दगड दरीत लोटून बांध घालायला सुरुवात केली आणि बांध पुन्हा पुन्हा फुटत राहिला. शेवटी शहाण्यांच्या सल्ल्याने नरबळी दिले गेले, तेही नुनीश थंडपणे नोंदवतो. दोमिंगुश पाइश नावाचा दुसरा पोर्तुगीज त्याच सुमारास तिथे होता, त्याने हा तलाव बांधताना मुंग्यांसारखी माणसे पाहिली. पंधरा-वीस हजार असावीत असा त्याचा अंदाज.

चुना वापरत नव्हते हे नुनीशचे म्हणणे मी जसेच्या तसे घेणार नाही. विजयनगरची गोपुरे चुन्याशिवाय उभी राहिलेली नाहीत. पण ‘तांक’ हा शब्द बघा. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात पोर्तुगीज कालिकतपासून हंपीपर्यंत प्रत्येक बांधीव पाण्याला तांक म्हणत हिंडत होते. आणि त्याच काळात गुजरातेत, दख्खनेत लोक आपापल्या परीने टांकें म्हणत होते. दोन्ही शब्द ऐकायला सारखे, वस्तूही जवळपास सारखी.

मग इंग्रज आले. त्यांचे पहिले मुख्य बस्तान सुरतेत, म्हणजे नेमके टांकूंच्या मुलखात. आणि किनाऱ्यावर परक्यांशी बोलायची भाषा तेव्हा पोर्तुगीज. सर टॉमस रो या इंग्रज राजदूताबरोबर एडवर्ड टेरी नावाचा पाद्री होता. तो १६१६ च्या सुमाराची हकिकत लिहितो की इथे नद्यांशिवाय पुष्कळ तळी आहेत, त्यांना हे लोक टँक म्हणतात. ‘हे लोक’ म्हणजे कोण? गुजराती पाणक्या की पोर्तुगीज बोलणारा दुभाषा? माझ्या मते दोघेही. एकाच शब्दावर दोन्हीकडून शिक्का बसला म्हणून तो इंग्रजीत इतका पक्का झाला. एकाच बाजूने आला असता तर ‘तलाव’सारखा हिंदुस्थानी इंग्रजांच्या पत्रांतच राहिला असता.

सुरुवातीला इंग्रजीतही टँक म्हणजे हिंदुस्थानातले तळेच. द्रवपदार्थ ठेवायचे कसलेही मोठे पात्र, हा अर्थ त्याच शतकाच्या शेवटाकडे येतो.

जुना सवार

जय हिंद. मी चिलखती दळातून निवृत्त. नगरला प्रशिक्षण झाले, तिथे रणगाड्यांचे संग्रहालयही आहे, कधी गेलात तर अवश्य पाहा. आता पर्वरीत घर आहे.

पाण्याचा टँक लढाईत कसा उतरला ते कुणी सांगितलेले नाही, तेवढी माझी ड्यूटी करतो.

पहिले महायुद्ध. फ्रान्समध्ये खंदक, काटेरी तारा, मशीनगन. दोन्ही बाजू जागच्या जागी अडकलेल्या. इंग्रजांनी १९१५ मध्ये चेन-पट्ट्यांवर चालणारी लोखंडी गाडी करायला घेतली. सुरुवातीला नाव होते जमिनीवरचे जहाज, म्हणजे लँडशिप. पण हे नाव कागदावर आले की शत्रूच्या हेराला लगेच कळणार. लिंकन शहरातल्या कारखान्यात ती तयार होत होती, बाहेरून दिसायची लोखंडी पाण्याच्या टाकीसारखी. कामगारांत गोष्ट सोडली की मेसोपोटेमियाच्या वाळवंटात फौजेला पाणी न्यायच्या गाड्या आहेत. मग तसेच एक साधे, कंटाळवाणे नाव शोधले. ‘सिस्टर्न’, ‘रिझर्वॉयर’, ‘कंटेनर’ असे पर्याय होते. १९१५ च्या डिसेंबरात ‘टँक’ ठरले. त्यात कर्नल स्विंटन यांचा हात होता. काही गाड्यांवर तर रशियन लिपीत ‘पेट्रोग्राडसाठी, जपून’ अशी अक्षरेही रंगवली, म्हणजे पाहणाऱ्याला रशियाचा माल वाटावा.

१५ सप्टेंबर १९१६, सोमच्या लढाईत फ्लेर-कूर्सलेत इथे ते पहिल्यांदा मैदानात उतरले. एकोणपन्नास होते, पैकी बरेच वाटेतच बंद पडले. पण जे पोहोचले त्यांनी काम केले. गुपित दुसऱ्या दिवशी फुटले, नाव मात्र कायमचे चिकटले. फसवायला दिलेले नाव खरे होऊन बसले, असे शस्त्रांच्या बाबतीत क्वचितच घडते.

पलटणीत आम्ही टँकच म्हणायचो. रणगाडा हा वर्तमानपत्राचा शब्द. चांगला आहे, दमदार आहे, पण वायरलेसवर कुणी रणगाडा म्हणत नाही.

घाटवाट

सुभेदार, भारी! म्हणजे पोरींचा टँक टॉपही यातलाच का? मला वाटायचं रणगाडेवाले घालायचे म्हणून.

जुना सवार

नाही हो. आम्ही आत असला बिनबाह्यांचा बनियन घातला असता तर गरम लोखंडाने दंड भाजून निघाले असते. आणि मी दफेदार म्हणून उतरलो, सुभेदार नव्हे. घोडदळाच्या वंशातले आम्ही, आमच्यात रिसालदार असतो. टँक टॉपचे बाई सांगतील.

शब्दांची चाळण

त्यात लढाई नाही. इंग्रजीत पोहण्याच्या तलावालाही टँक म्हणत. त्या तलावात घालायचा पोशाख तो टँक सूट, आणि त्याचा वरचा भाग पुढे एकटा बाजारात आला तो टँक टॉप. म्हणजे घाटवाट, तुमच्या गल्लीतली मुलगी जे घालते त्याचे नाव शेवटी तळ्याकाठचेच.

आग्वादचा वाटाड्या

देव बरें करूं सगळ्यांचं. मी दोन वाक्यं मागितली होती, तुम्ही तिन्ही खंड फिरवून आणलंत. मेस्तांचं चुन्याचं तर मी उद्यापासूनच सांगणार, तिथे उभं राहून बोट दाखवता येतं.

आता हे चालेल का बघा: “पोर्तुगीज आपला तांक घेऊन आले, आपल्याकडे आपलं टाकं होतंच, आणि इंग्रजांनी दोन्ही ऐकून टँक केला. पहिल्या महायुद्धात त्याच नावाखाली रणगाडा लपवला.”

आणि एक शंका. घरावरची काळी प्लॅस्टिकची टाकी, ती टाक्यावरून की इंग्रजी टँकवरून? आमच्या घरी कोंकणीत टांकी म्हणतात, नाकातून.

शब्दांची चाळण

चालेल. उत्तम आहे. फक्त ‘पोर्तुगीजांनी आपला घेतला’ म्हणणारा कुणी गुरुजी पुन्हा भेटला तर त्याला कालिकतच्या देवळाची गोष्ट सांगा, चर्च समजून गुडघे टेकल्याची. वाद तिथेच मिटतो, कारण सगळे हसायला लागतात.

टाकीचे म्हणाल तर मला ती नव्या काळातली वाटते. नळ आले, लोखंडी टँक आले, आणि मराठी माणसाला त्या आवाजाचा शब्द घरात आधीपासून होता. त्याने टँकला टाकी करून घेतले. टाकें नपुंसकलिंगी, मोठे, दगडातले. टाकी स्त्रीलिंगी, हलकी, छपरावर चढवता येणारी. कोंकणीतला तुमचा नाकातला उच्चार जपून ठेवा, मोल्सवर्थचा अनुस्वार घाटावरच्या लोकांच्या तोंडून गेला, तुमच्याकडे शिल्लक आहे.

ज्याला मुळापर्यंत जायचे असेल त्याने मोन्सिन्योर सेबाश्तियांव रुदोल्फु दालगादु यांचे ग्रंथ उघडावेत. माणूस आपलाच, बार्देशातल्या आसगावचा, १८५५ चा जन्म. पाद्री होते आणि लिस्बनला संस्कृत शिकवत. आशियातल्या भाषांत पोर्तुगीज शब्द कुठे कुठे गेले यावर त्यांचे पुस्तक १९१३ चे, आणि दोन खंडांचा मोठा शब्दकोश १९१९ ते १९२१ मध्ये निघाला. पणजीला पाट्यावरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात विचारा. पोर्तुगीज येत नसेल तर पहिल्या पुस्तकाचे इंग्रजी भाषांतरही आहे.

चिरेखाण

बाई, ग्रंथालयाचा तो पाटो. तुम्ही पाट्यावर लिहिलंत, मला वाटलं मसाल्याच्या पाट्यावर.

शब्दांची चाळण

मेस्त, त्या पाटोचा उगम सांगायला बसले तर हा धागा शिगम्यापर्यंत संपणार नाही. नवा धागा काढा, मी येते.